मेंदूज्वर प्रतिबंधक लसीकरण : बालके व युवक (परभणी जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :

सन २०२५ च्या मार्च महिन्यात महाराष्ट्रातील पुणे, रायगड व परभणी या जिल्ह्यांत जपानी मेंदूज्वर प्रतिबंधक लसीकरणाची मोहीम हाती घेण्यात आली. १ ते १५ वर्षे वयोगटातील मुलामुलींना ही लस देण्याचे नियोजन होते. एका गंभीर आजारापासून जिल्ह्यातील बालकांना संरक्षण मिळावे, हा या मोहिमेचा हेतू स्वागतार्हच होय. तथापि बोलीभाषेत 'जपानी' हे विशेषण सहज गळून पडते आणि उरते ती केवळ 'मेंदूज्वराची लस'. ही बाब वरवर क्षुल्लक वाटली तरी तिचे परिणाम क्षुल्लक नाहीत. मुलाला मेंदूज्वराची लस मिळाली आहे, आता मेंदूज्वराची भीती उरली नाही, अशी समजूत एखाद्या घरात दृढ झाली, तर पुढे त्याच मुलाला तीव्र ताप, उलट्या व झटके आल्यावर ते घर निर्धास्त राहण्याचा संभव असतो. ज्या आजारात तासांना किंमत असते, त्या आजारात अशी निर्धास्तता जिवावर बेतू शकते.

वस्तुतः 'मेंदूज्वर' हे एका आजाराचे नाव नाही. विविध जंतू व विषाणूंमुळे होणाऱ्या अनेक आजारांना मराठीत हा एकच शब्द वापरला जातो. त्यांपैकी काहींवर लस आहे, काहींवर नाही. काही लसी शासकीय लसीकरणात विनामूल्य मिळतात, तर काही स्वखर्चाने घ्याव्या लागतात. हा भेद स्पष्ट करणे, हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे.

उद्दिष्टे :

१) 'मेंदूज्वर' या संज्ञेखाली येणाऱ्या आजारांतील भेद स्पष्ट करणे.
२) बालकांच्या राष्ट्रीय लसीकरण वेळापत्रकातील कोणती लस कोणत्या जंतूपासून संरक्षण देते, याची माहिती देणे.
३) युवकांच्या संदर्भात मेनिंगोकोकस लसीची गरज कोणाला व का आहे, याचे विवेचन करणे.
४) परभणी जिल्ह्यातील महाविद्यालयांना या कामी कोणती भूमिका बजावता येईल, याचा विचार करणे.

'मेंदूज्वर' : एक संज्ञा, अनेक आजार

मानवी मेंदू व मज्जारज्जू यांभोवती तीन पातळ आवरणे असतात. या आवरणांमध्ये मस्तिष्क-मेरुद्रव नावाचा पाण्यासारखा स्वच्छ द्रव खेळता असतो. या आवरणांना सूज येणे म्हणजे मस्तिष्कावरणशोथ. इंग्रजीतून आलेल्या 'मेनिंजायटिस' या नावाने वैद्यकीय व्यवहारात तो ओळखला जातो. याउलट प्रत्यक्ष मेंदूच्या पेशीसमूहाला सूज येणे म्हणजे मस्तिष्कशोथ, अर्थात 'एन्सेफलायटिस'. पहिल्यात वेष्टन सुजते, दुसऱ्यात वेष्टनाच्या आतील मेंदू सुजतो. काही रुग्णांत दोन्ही एकाच वेळी आढळतात. मराठी वृत्तपत्रे, भित्तिपत्रके व दैनंदिन संभाषण यांत मात्र दोहोंसाठी 'मेंदूज्वर' हाच शब्द रूढ आहे.

जपानी मेंदूज्वर हा दुसऱ्या प्रकारातील, म्हणजे मस्तिष्कशोथाचा आजार होय. तो विषाणूमुळे होतो व क्युलेक्स जातीच्या डासांमार्फत पसरतो. पाणपक्षी व डुकरे यांच्या शरीरात हा विषाणू वाढतो. तेथून डासामार्फत तो माणसापर्यंत पोहोचतो. मात्र माणसाच्या रक्तात तो पुरेशा प्रमाणात वाढत नसल्याने एका रुग्णापासून दुसऱ्याला त्याची लागण होत नाही. भारतात या आजाराचे निदान सर्वप्रथम १९५५ मध्ये तामिळनाडूतील वेल्लोर येथे झाले. २००५ मध्ये उत्तर प्रदेशातील गोरखपूर परिसरात त्याची मोठी साथ आली आणि त्यानंतर २००६ पासून बाधित जिल्ह्यांत टप्प्याटप्प्याने लसीकरण सुरू झाले.

'चांदीपुरा' हा विषाणूही मस्तिष्कशोथास कारणीभूत ठरतो. नागपूरनजीकच्या चांदीपुरा या गावी १९६५ मध्ये तो प्रथम आढळला, म्हणून त्याला हे नाव पडले. तो वाळूमाशीमार्फत पसरतो. २००३ मध्ये आंध्र प्रदेश व महाराष्ट्रात आणि २०२४ मध्ये गुजरातमध्ये त्याने बालकांचे बळी घेतले. त्यावर अद्याप लस उपलब्ध नाही. वृत्तपत्रांतून या आजाराचाही उल्लेख 'मेंदूज्वर' असाच होतो.

मस्तिष्कावरणशोथाची कारणे यांहून वेगळी आहेत. विषाणूंमुळे होणारा मस्तिष्कावरणशोथ बहुधा सौम्य असतो व रुग्ण पूर्ण बरा होतो. जंतूंमुळे होणारा मात्र अत्यंत घातक असतो. त्यास प्रामुख्याने न्यूमोकोकस, हिमोफिलस इन्फ्लुएंझा प्रकार 'बी' (संक्षेपाने हिब) व मेनिंगोकोकस हे तीन जंतू कारणीभूत असतात. नवजात अर्भकांत यांव्यतिरिक्त प्रसूतीच्या वेळी किंवा जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत संसर्ग करणारे जंतू आढळतात. क्षयाचे जंतू मेंदूच्या आवरणांपर्यंत पोहोचल्यास क्षयजन्य मस्तिष्कावरणशोथ होतो. इतर जंतूंमुळे होणारा आजार काही तासांत वा एक-दोन दिवसांत गंभीर रूप धारण करतो, तर क्षयजन्य आजार आठवडे-दोन आठवडे बारीक ताप, चिडचिड व डोकेदुखी अशा संथ गतीने वाढतो. त्यामुळे तो ओळखण्यास हमखास विलंब होतो.

आजाराचे गांभीर्य व लक्षणे

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार जंतुजन्य मस्तिष्कावरणशोथ झालेल्या सुमारे सहा रुग्णांपैकी एक दगावतो आणि पाचांपैकी एकास गंभीर व्यंग येते. बहिरेपणा, दृष्टिदोष, फेफरे, बौद्धिक मंदत्व, हातापायांतील अशक्तपणा ही त्यांतील प्रमुख व्यंगे होत. त्यातही बहिरेपणाचा विचार स्वतंत्रपणे करावयास हवा. बोलणे शिकण्याच्या वयात ऐकू येईनासे झाले की त्या बालकाची भाषा खुंटते आणि भाषेबरोबर त्याचे शिक्षणही खुंटते. आजारातून मूल वाचले, एवढ्यावर समाधान मानून श्रवणचाचणी केली गेली नाही, तर हे नुकसान पुष्कळ उशिरा लक्षात येते.

मोठ्या मुलांत व युवकांत तीव्र ताप, असह्य डोकेदुखी, मान आखडणे, उलट्या, उजेड सहन न होणे, भ्रम व झटके ही लक्षणे दिसतात. मेनिंगोकोकसचा संसर्ग रक्तात पसरल्यास अंगावर लालसर-जांभळे ठिपके उमटतात. काचेचा पेला त्यांवर दाबून धरला तरी ते फिके पडत नाहीत. तान्ह्या बाळात मात्र मान आखडण्याचे लक्षण अनेकदा नसतेच. दूध न ओढणे, सतत किंवा चिरक्या स्वरात रडणे, गळून जाणे, झोपेतून न उठणे व टाळू वर येणे ही त्याची लक्षणे होत. मराठवाड्यातील घरोघरी बाळाची टाळू तेलाने भरण्याची रीत आहे. रोज टाळूवर हात फिरविणाऱ्या आजीला ती ताणलेली, वर आलेली आहे, हे सर्वांच्या आधी जाणवू शकते. हे धोक्याचे चिन्ह आहे, एवढी माहिती तिच्यापर्यंत पोहोचली तर निदानातील मोलाचा वेळ वाचेल.

निदानासाठी पाठीच्या कण्यातून मस्तिष्क-मेरुद्रव काढून तपासावा लागतो. 'पाठीतले पाणी काढले की माणूस अधू होतो' हा समज समाजात खोलवर रुजलेला आहे. व्यंग येते ते मूळ आजारामुळे, तपासणीमुळे नव्हे. या गैरसमजापोटी संमती देण्यास होणारा विलंब किंवा झटके आलेल्या मुलास आधी अंगारा-धुपारा करण्यात जाणारा वेळ, या दोन्ही गोष्टी रुग्णाच्या हिताविरुद्ध जातात.

बालकांचे लसीकरण : कोणती लस, कोणत्या जंतूवर?

राष्ट्रीय लसीकरण वेळापत्रकात 'मेंदूज्वर' या नावाची स्वतंत्र लस नाही. तरीही वेळापत्रकातील अनेक लसी मेंदूचे रक्षण करतात, याची जाणीव पालकांना क्वचितच असते.

जन्मतः दिली जाणारी बीसीजी लस फुप्फुसांच्या क्षयापासून प्रौढ वयात भरवशाचे संरक्षण देत नाही, म्हणून तिला नावे ठेवली जातात. परंतु लहान बालकांना क्षयजन्य मस्तिष्कावरणशोथ व शरीरभर पसरणारा क्षय यांपासून वाचविणे, हेच तिचे मुख्य कार्य आहे व ते ती पार पाडते.

वयाच्या ६, १० व १४ व्या आठवड्यांत दिली जाणारी पेंटाव्हॅलेंट लस घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ 'ब' व हिब या पाच आजारांविरुद्ध काम करते. भारतात ती डिसेंबर २०११ मध्ये केरळ व तामिळनाडू येथे प्रथम सुरू झाली व पुढील काही वर्षांत देशभर लागू झाली. ही लस येण्यापूर्वी लहान मुलांतील जंतुजन्य मस्तिष्कावरणशोथाचे हिब हे एक प्रमुख कारण होते.

न्यूमोकोकस विरोधी लस, म्हणजेच पीसीव्ही, भारताच्या कार्यक्रमात २०१७ मध्ये मोजक्या राज्यांत आली आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये तिचा देशभर विस्तार झाला. ती ६ व्या व १४ व्या आठवड्यात आणि ९ महिने पूर्ण झाल्यावर वर्धक मात्रा म्हणून दिली जाते. पालकांना ती 'न्यूमोनियाची लस' म्हणून परिचित आहे. मात्र न्यूमोनिया करणारा हाच जंतू मेंदूच्या आवरणांवरही हल्ला करतो. त्यामुळे नवव्या महिन्यातील मात्रा चुकविणे म्हणजे मेंदूच्या संरक्षणाचे काम अर्धवट सोडणे होय.

गोवर-रुबेला लसीचाही येथे उल्लेख केला पाहिजे. गोवरानंतर काही बालकांत मस्तिष्कशोथ उद्भवतो आणि ही लस तो टाळते. गालगुंड हे विषाणुजन्य मस्तिष्कावरणशोथाचे एक ज्ञात कारण आहे. परंतु गालगुंडाची लस राष्ट्रीय वेळापत्रकात समाविष्ट नाही. ती एमएमआर या संयुक्त लसीच्या रूपाने खासगीरीत्या घ्यावी लागते.

जपानी मेंदूज्वराची लस केवळ निवडलेल्या जिल्ह्यांत दिली जाते. अशा जिल्ह्यांत मोहीम संपल्यानंतर तिचा नियमित लसीकरणात समावेश होतो व ९ ते १२ महिने आणि १६ ते २४ महिने या वयात तिच्या दोन मात्रा देण्याचे धोरण आहे. म्हणजेच मोहीम झाली की काम संपले, असे नाही. मोहिमेनंतर जन्मलेल्या प्रत्येक बाळासाठी ते नव्याने सुरू होते.

या सर्व लसी वेळेवर दिल्या तरी काही वाटा खुल्या राहतात. न्यूमोकोकसचे सुमारे शंभर प्रकार ज्ञात आहेत व लस त्यांपैकी निवडक प्रकारांवरच प्रभावी आहे. नवजात अर्भकाला पहिल्या सहा आठवड्यांत हिब व न्यूमोकोकस लसींचे कवच नसते. स्वच्छ प्रसूती, हातांची स्वच्छता व स्तनपान हाच या काळातील बचाव होय. मेनिंगोकोकसची लस तर राष्ट्रीय वेळापत्रकात नाहीच. म्हणूनच 'सर्व लसी झाल्या आहेत' हे वाक्य रुग्णालयात न जाण्याचे कारण होऊ शकत नाही.

तान्ह्या बाळासाठी वेगळी लस का?

हिब, न्यूमोकोकस व मेनिंगोकोकस या तिन्ही जंतूंभोवती शर्करायुक्त आवरण असते. या आवरणामुळे ते शरीराच्या संरक्षक पेशींना चुकवितात. आरंभीच्या लसी या शर्करेपासूनच तयार केल्या होत्या. मोठ्या माणसांत त्यांनी काही वर्षे संरक्षण दिले. परंतु दोन वर्षांखालील बालकांत त्या जवळजवळ निष्प्रभ ठरल्या, कारण तान्ह्या बाळाची प्रतिकारशक्ती केवळ शर्करा ओळखून तिची आठवण ठेवण्याइतकी परिपक्व नसते. यावर शास्त्रज्ञांनी उपाय शोधला. धनुर्वात किंवा घटसर्पाच्या निर्विष केलेल्या प्रथिनाला ही शर्करा रासायनिक बंधाने जोडण्यात आली. प्रथिन ओळखण्याची क्षमता बाळाच्या शरीरात असतेच. प्रथिनाच्या आधाराने शरीर शर्कराही ओळखू लागते व ती ओळख दीर्घकाळ टिकते. अशा लसीस संयुग्मित लस म्हणतात.

संयुग्मित लसीचा आणखी एक गुण सामाजिकदृष्ट्या महत्त्वाचा आहे. ती नाक व घशातील जंतूंचे वास्तव्यही कमी करते. परिणामी लस घेतलेली व्यक्ती इतरांना जंतू देण्याचे प्रमाण घटते आणि लस न घेतलेल्यांनाही अप्रत्यक्ष संरक्षण मिळते.

मेनिंगोकोकसचा 'बी' हा गट मात्र या पद्धतीस दाद देत नाही. त्याचे आवरण मानवी मज्जापेशींवरील घटकाशी इतके मिळतेजुळते असते की शरीर त्यास परके मानत नाही. म्हणून 'बी' गटासाठी जंतूच्या प्रथिनांवर आधारित निराळी लस तयार करावी लागली. युरोपात तिला २०१३ मध्ये मान्यता मिळाली.

युवक व मेनिंगोकोकस

बालकांपाठोपाठ मेनिंगोकोकसचा धोका किशोर व तरुण वयात वाढतो. हा जंतू अनेक निरोगी व्यक्तींच्या नाक-घशात कोणताही त्रास न देता वास करतो. किशोरवयाच्या उत्तरार्धात व तारुण्याच्या आरंभी अशा वाहकांचे प्रमाण सर्वाधिक असते. एका खोलीत अनेकांनी राहणे, दीर्घकाळचा निकट सहवास, एकाच पेल्याने पाणी पिणे अशा सवयींमुळे तो एकाकडून दुसऱ्याकडे जातो. बहुतेकांना काहीही होत नाही. परंतु एखाद्यात तो रक्तात शिरतो व सकाळी धडधाकट असलेला तरुण रात्रीपर्यंत अत्यवस्थ होतो. उपचार न झाल्यास निम्म्यापर्यंत रुग्ण दगावू शकतात.

या जंतूचे ए, बी, सी, डब्ल्यू, एक्स व वाय हे सहा गट बहुतांश आजारास जबाबदार आहेत. भारतात आलेल्या साथी प्रामुख्याने 'ए' गटाच्या होत्या. दिल्लीत १९६६, १९८५ व २००५ मध्ये, तर मेघालयात २००८-०९ मध्ये अशा साथी आल्या. २००५ च्या दिल्लीतील साथीत तरुणांचे प्रमाण लक्षणीय होते.

साथी वगळता भारतात या आजाराचे प्रमाण कमी नोंदविले जाते. त्यामुळे भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने ही लस सरसकट सर्वांना न देता विशेष जोखीम असणाऱ्यांना देण्याची शिफारस केली आहे. प्लीहा काढून टाकलेल्या वा सिकलसेलसारख्या आजाराने प्लीहा निकामी झालेल्या व्यक्ती, प्रतिकारशक्तीच्या विशिष्ट जन्मजात उणिवा असलेली मुले, साथीच्या क्षेत्रातील लोक, जंतूंशी संबंध येणारे प्रयोगशाळा कर्मचारी, तसेच हज यात्रेकरू व परदेशी शिक्षणास जाणारे विद्यार्थी यांचा त्यात समावेश होतो.

परदेशांतील धोरण यापेक्षा वेगळे आहे. अमेरिकेत २००५ मध्ये ११-१२ वर्षांच्या मुलांना चतुर्गटी (ए, सी, डब्ल्यू, वाय) लस देण्याची शिफारस करण्यात आली आणि पुढे १६ व्या वर्षी वर्धक मात्रेची भर पडली. तेथील अनेक विद्यापीठे वसतिगृहात प्रवेश देताना या लसीचा दाखला मागतात. ब्रिटनने १९९९ मध्ये 'सी' गटाची लस सुरू केली व २०१५ मध्ये किशोरांसाठी चतुर्गटी आणि तान्ह्या बाळांसाठी 'बी' गटाची लस सुरू केली.

पुण्यातील लस व आफ्रिकेचा अनुभव

या विषयातील एका महत्त्वाच्या यशोगाथेत महाराष्ट्राचा सहभाग आहे. आफ्रिकेत सेनेगलपासून इथिओपियापर्यंत पसरलेल्या पट्ट्यात 'ए' गटाच्या मेनिंगोकोकसच्या साथी वारंवार येत. या देशांना परवडेल अशा किमतीत लस देण्यास कोणी पुढे येईना. अखेर जागतिक आरोग्य संघटना व 'पाथ' या संस्थेच्या प्रकल्पांतर्गत पुण्यातील सीरम इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाने 'मेनआफ्रिव्हॅक' ही संयुग्मित लस तयार केली. तिची किंमत प्रति मात्रा अर्ध्या डॉलरहून कमी ठेवण्यात आली. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासो येथे तिचा प्रारंभ झाला.

या मोहिमेतील एक निर्णय विशेष लक्षणीय आहे. लस केवळ बालकांना न देता १ ते २९ वर्षे वयोगटातील सर्वांना देण्यात आली, कारण जंतूंचे वाहक मोठ्या प्रमाणावर किशोर व तरुणच असतात. तरुणांच्या घशातून जंतू हटल्याखेरीज तान्ही बाळे सुरक्षित होत नाहीत, हे सूत्र त्यामागे होते. २०१७ नंतर त्या पट्ट्यात 'ए' गटाचा रुग्ण नोंदला गेलेला नाही. पुढे याच संस्थेच्या पाच गटांवरील लसीला २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची पूर्वअर्हता मिळाली व २०२४ मध्ये नायजेरियात तिचा वापर सुरू झाला.

जागतिक आरोग्य सभेने २०२० मध्ये '२०३० पर्यंत मस्तिष्कावरणशोथावर मात' हा आराखडा मान्य केला. लसीने टाळता येणाऱ्या जंतुजन्य आजाराचे रुग्ण निम्म्याने व मृत्यू ७० टक्क्यांनी घटविणे, हे त्यातील एक उद्दिष्ट आहे.

परभणी जिल्ह्याचा संदर्भ

गोदावरी, पूर्णा व दुधना या नद्यांच्या खोऱ्यातील परभणी हा नऊ तालुक्यांचा कृषिप्रधान जिल्हा आहे. या जिल्ह्याच्या संदर्भात मेंदूज्वर प्रतिबंधक लसीकरणाचा विचार करताना चार बाबी ध्यानात घ्याव्या लागतात.

पहिली बाब स्थलांतराची. गंगाखेड, सोनपेठ, पालम, पाथरी आदी भागांतील ऊसतोड कामगार कुटुंबे दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांकडे जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जन्मलेल्या बाळाच्या ६, १० व १४ आठवड्यांच्या मात्रा नेमक्या याच काळात येतात. माता व बाल संरक्षण कार्ड सोबत नेल्यास देशातील कोणत्याही शासकीय केंद्रात उरलेल्या मात्रा घेता येतात. परंतु कार्ड गावी राहिले व बाळ फडावर गेले, की नोंद तुटते. अशा बाळाची एखादी मात्रा चुकली तरी मालिका पहिल्यापासून सुरू करावी लागत नाही. उरलेली पूर्ण करावी लागते. ही साधी गोष्ट अनेक पालकांना ठाऊक नसते.

दुसरी बाब हज यात्रेची. सौदी अरेबियात १९८७ मध्ये 'ए' गटाची व २००० मध्ये 'डब्ल्यू' गटाची साथ यात्रेकरूंत पसरली होती. तेव्हापासूनच्या अनुभवामुळे तेथे पोहोचण्यापूर्वी किमान दहा दिवस आधी चतुर्गटी लस घेणे बंधनकारक आहे. त्यानुसार दरवर्षी यात्रेकरूंचे लसीकरण केले जाते. मेनिंगोकोकसची लस ही काही दूर देशीची अपूर्वाई नाही. गावातील एखाद्या वडीलधाऱ्या यात्रेकरूच्या दंडावर ती टोचली गेलेली असते.

तिसरी बाब युवकांची. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठामुळे व अन्य महाविद्यालयांमुळे परभणी शहरात वसतिगृहांत व भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या मोठी आहे. स्पर्धा परीक्षांसाठी पुण्याला जाऊन एका खोलीत चार-चार जणांनी राहणारेही अनेक आहेत. यांतील प्रत्येकाने मेनिंगोकोकसची लस घ्यावी, असा आग्रह आजच्या शिफारशींनुसार धरता येत नाही. मात्र सोबत्याला अचानक ताप, भ्रम व मान आखडणे ही लक्षणे दिसल्यास त्याला झोपू न देता तत्काळ रुग्णालयात नेले पाहिजे, एवढे ज्ञान प्रत्येकाला असलेच पाहिजे. असा रुग्ण मेनिंगोकोकसचा निघाल्यास निकट सहवासातील व्यक्तींना डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक प्रतिजैविक दिले जाते. तेव्हा खोलीतील सोबत्यांनी घाबरून गावाकडे पांगण्याऐवजी आपली नावे रुग्णालयात नोंदवावीत.

चौथी बाब डासांची. जपानी मेंदूज्वराची लस मिळाली तरी डेंग्यू, हिवताप यांचे डास कायम राहतात. साचलेले पाणी, तुंबलेली गटारे व वस्तीत मोकाट फिरणारी डुकरे हे प्रश्न लसीने सुटत नाहीत.

जिल्ह्यात २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. जिल्ह्यातच निदान व उपचारांची क्षमता वाढण्याच्या दृष्टीने ही आशादायक घटना होय.

महाविद्यालयांची भूमिका

प्राध्यापक हा वैद्य नव्हे. तथापि ग्रामीण भागात त्याच्या शब्दाला वजन असते. प्रथम वर्षास प्रवेश घेणारा विद्यार्थी अनेकदा घरातील पहिलाच पदवीचा विद्यार्थी असतो आणि त्याच्या पाठची भावंडे, पुतणे, भाचे लसीकरणाच्या वयात असतात. त्याच्यामार्फत अचूक माहिती घरापर्यंत पोहोचते.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या विशेष शिबिरात स्वयंसेवकांनी आशा कार्यकर्ती व अंगणवाडी सेविका यांच्या सोबतीने घरोघरची लसीकरण कार्डे पाहून राहिलेल्या मात्रांची यादी उपकेंद्रास द्यावी. घोषणाफलकांवर केवळ 'मेंदूज्वराची लस' असे न लिहिता 'डासांमुळे होणाऱ्या जपानी मेंदूज्वराची लस' असे स्पष्ट लिहावे. परदेशी शिक्षणासाठी शिफारसपत्र मागणाऱ्या विद्यार्थ्यास संबंधित विद्यापीठाची लसीकरणाची अट वेळीच पाहून घेण्यास सांगावे. वसतिगृह अधीक्षकांकडे आजाराची लक्षणे व नजीकच्या रुग्णालयाचा दूरध्वनी क्रमांक असलेला तक्ता असावा. ५ ऑक्टोबर हा जागतिक मस्तिष्कावरणशोथ दिन या निमित्ताने पाळता येईल. भाषा विषयाच्या प्राध्यापकांसाठीही येथे काम आहे : मस्तिष्कावरणशोथ व मस्तिष्कशोथ हे शब्द शास्त्रशुद्ध असले तरी सामान्य माणसाच्या जिभेवर रुळणारे नाहीत. 'आवरणाचा मेंदूज्वर' व 'डासांचा मेंदूज्वर' यांसारखे सुबोध पर्याय आरोग्यशिक्षणात योजता येतील काय, याचा विचार व्हावा.

निष्कर्ष :

१) 'मेंदूज्वर' ही संज्ञा अनेक आजारांना व्यापून असल्याने एका लसीने सर्व मेंदूज्वरांपासून संरक्षण मिळते, हा समज चुकीचा आहे.
२) बीसीजी, पेंटाव्हॅलेंट, पीसीव्ही, गोवर-रुबेला व जपानी मेंदूज्वर या लसी मिळून बालकाच्या मेंदूचे मोठ्या प्रमाणावर रक्षण करतात. त्यांतील कोणतीही मात्रा दुय्यम नाही.
३) मेनिंगोकोकसची लस भारतात विशेष जोखीम असणाऱ्यांसाठी आहे. परदेशी जाणारे विद्यार्थी व हज यात्रेकरू यांनी ती वेळेवर घेणे आवश्यक आहे.
४) परभणी जिल्ह्यात स्थलांतरित कुटुंबांतील बालकांच्या मात्रा पूर्ण करणे, हे प्राधान्याचे काम आहे.
५) लसीकरण पूर्ण असले तरी लक्षणे दिसताच तातडीने उपचार घेणे अपरिहार्य आहे.

समारोप :

लस टोचल्यानंतर एखादा दिवस येणारा ताप, दंडावरील सूज व दुखणे यांची भीती पालकांना वाटते, ती स्वाभाविक आहे. तिला उपदेशाने नव्हे, तर माहितीने उत्तर दिले पाहिजे. कोणत्या लसीने कोणता धोका टळतो व कोणता उरतो, हे प्रामाणिकपणे सांगितले, तर पालकांचा लसीवरील विश्वास वाढतो आणि उरलेल्या धोक्याबाबतची सावधगिरीही टिकते. परभणी जिल्ह्यातील महाविद्यालयांनी हे सांगण्याची जबाबदारी उचलल्यास ज्ञानदानाच्या मूळ कार्याचाच तो विस्तार ठरेल.